कुडवळची दोन वृंदावने

दक्षिण कोकणातल्या कुडवळ बंदराला पाहुणे येतात तेव्हा त्यांच्या हातात एक यादी असते. किल्ला पाहायचा, जुन्या वखारीची पडकी कमान पाहायची, शुक्रवारच्या बाजारात लाकडी खेळणी घ्यायची, धक्क्यावर उभे राहून सूर्य बुडताना पाहायचा आणि सोलकढी पिऊन परत फिरायचे. भिकाजीआबा या यादीला हसतात. आबांनी चाळीस वर्षे समुद्रावर काढली, आता ते पाहुण्यांना गाव दाखवतात. किल्ल्याच्या पायऱ्या मोजणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग येतो. ते सगळ्यांना आधी टेंबावर, म्हणजे गावाच्या टेकडीवर, नेतात आणि तिथे उभे असलेले पांढरेशुभ्र तुळशीवृंदावन दाखवतात. पुरुषभर उंच आहे. लोक पटापट त्याचे फोटो काढतात. मग आबा काठीने खाली दाखवतात. टेंबाच्या पायथ्याशी, वाळू संपते तिथे, आणखी एक वृंदावन आहे. ते जेमतेम कमरेएवढे आहे, पण तेही तितकेच पांढरे. त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते.

या दोन वृंदावनांच्या समोर समुद्रात खडकांची एक रांग आहे. तिच्यात दोन होड्या शेजारी शेजारी जातील एवढीच वाट आहे. अरबी समुद्रावरून खजूर घेऊन येणारी आणि साग भरून नेणारी गलबते याच वाटेने आत येत. ज्याला वाट सापडली तो घरी जेवायला गेला, ज्याला नाही सापडली त्याच्या फळ्या महिनाभर किनाऱ्याला लागत राहिल्या.

असे सांगतात की फार पूर्वी कुडवळला जानू नावाचा तांडेल होता. गलबत हाकावे तर जानूने, असे चार बंदरांत बोलले जाई. त्याचे घर टेंबावर होते आणि त्याची बायको यमना अकराव्या वर्षी त्या घरात आलेली. घर तिने राखले, सासूसासऱ्यांचे केले, अंगणातल्या वृंदावनाला रोज पाणी घातले. चौदा वर्षे झाली, पाळणा काही हलला नाही. तेव्हा यमनाच एक दिवस खाडीपलीकडच्या गावात गेली आणि नवऱ्यासाठी शेवंती नावाची मुलगी मागून आली. लोकांनी तिची वाहवा केली. वाहवा ऐकायला बरी वाटते, पण तिच्यावर दिवस निघत नाहीत. शेवंती हळदीच्या अंगाने दारात उभी राहिली आणि यमनेला जो हेवा वाटला तो पुढे तीन वर्षे सुटला नाही.

एका चुलीवर दोघींचे जमेना. जानूने किनाऱ्याजवळ शेवंतीसाठी वेगळे घर बांधले. इथपर्यंत यमनेने मनाची समजूत घातली असती. पण घर उभे राहिल्यावर जानूने त्या अंगणात वृंदावन बांधायला घेतले आणि सगळा घोटाळा झाला.

हे वृंदावन त्याने गवंड्याला बांधू दिले नाही. स्वतः होडी घेऊन तो खडकांच्या बाहेर जाऊन बसे आणि तिथून हात हलवून माणसांना खूण करी. मग किनाऱ्यावरची माणसे पायाचा दगड हातभर डावीकडे सरकवत, पुन्हा वीतभर उजवीकडे. असे तीन दिवस चालले. बायका पाणवठ्यावर तोंडाला पदर लावून हसल्या. नव्या नवरीचे कौतुक म्हणावे तरी किती, तुळस कुठे शोभून दिसेल ते हा समुद्रातून बघतो! यमनेच्या कानावर ते गेलेच. वरचे वृंदावन सासऱ्याच्या बापाने बांधलेले. जानूने त्याला कधी बोट लावले नव्हते, पौर्णिमेला चुना काढायचा तोसुद्धा यमनेने. आणि खालच्या त्या चिमुकल्याला मात्र तो वर्षातून दोनदा आपल्या हाताने चुना काढी. तिच्या जिवाचा जळफळाट झाला.

मग तिने मोजायला सुरुवात केली. पहिला मासा कोणत्या घरी गेला, मस्कतहून आणलेल्या दोन लुगड्यांत कोणाच्या लुगड्याचा काठ रुंद निघाला, तो कोणत्या घरातून निघताना मागे वळून बघतो. ज्याला मोजायचे असते त्याला सगळीकडे कमीच सापडते. सगळ्यांत वाईट वेळ गलबत परतण्याची. यमना वरच्या अंगणात उभी राही. गलबत खडकांपाशी आले की सुकाणूवर उभा असलेला जानू अगदी स्पष्ट दिसे. त्याची मान खाली असे, त्याची नजर खालच्या अंगणावर खिळलेली असे. डोळे वर उचलले तरी क्षणभरच, ते पुन्हा खाली. यमनेने आपले वृंदावन हात-दीड हात उंच करून घेतले. चुन्याचे तीन थर दिले. भोवती झेंडू लावला. नजर आपली खालीच.

त्याला विचारावे, एवढे साधे तिला सुचले नाही असे नाही. पण विचारले तर आपण जळतो हे कबूल करावे लागले असते. आणि तांडेलही समुद्रातल्या गोष्टी घरात बोलत नसत. वाट कशी काढायची हे एका तांडेलाने दुसऱ्याला सांगायचे, चुलीपाशी नव्हे, ही तिथली रीतच होती.

तिसऱ्या वर्षी शेवंतीला दिवस राहिले. सातव्या महिन्यात ती माहेरी निघाली तेव्हा टेंब चढून वर आली, यमनेच्या पाया पडली आणि खालच्या तुळशीला पाणी घालाल ना, असे तिने विचारले. घालीन, असे यमना म्हणाली. तोंडावर हसू होते आणि आत नुसता वणवा.

वैशाख सरत आला. पावसाच्या आधीची शेवटची खेप घेऊन चार गलबते परतायची होती, सर्वांत पुढे जानूचे. त्या दिवशी सकाळी यमना पाणी घालायला खाली गेली. वृंदावनाच्या चुन्याचे पापुद्रे सुटले होते. तिच्या मनात आले, असे ओंगळ कशाला ठेवायचे? तिने शेण आणले. करवंटीच्या कोळशाची पूड त्यात कालवली, घरची जमीन काळीभोर दिसावी म्हणून कालवतात तशी, आणि वृंदावन वरपासून खालपर्यंत सारवून काढले. शेण म्हणजे पवित्रच, तुळशीला शेणाने सारवले तर त्यात पाप कसले? कोणी विचारले असते तर तिने हेच उत्तर दिले असते. उत्तर तयार होते, म्हणजे आपण काय करतो आहोत हे तिला पुरते ठाऊक होते. मागे घराची मातीची भिंत, पुढे काळे खडक. चार पावले दूर गेल्यावर तिला स्वतःलाच वृंदावन दिसेना. तिला फार बरे वाटले.

दुपार कलली तसे आभाळ भरून आले आणि बुरबुर सुरू झाली. यमनेने धुतलेले लुगडे नेसले, केसांत अबोली माळली आणि ती वर उभी राहिली. जानूचे गलबत खडकांपाशी आले आणि थबकले. शीड फडफडले. गलबत वळले, मागे गेले, पुन्हा आले. जानूची मान इकडून तिकडे फिरत होती, खालचा सगळा किनारा तो चाचपत होता. आणि मग त्याने मान वर केली. तीन वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या अंगणाकडे बघत राहिला. त्याची नजर हलली नाही. यमनेचा ऊर भरून आला. तिने हात वर केला.

तिच्याकडे बघत बघतच त्याने गलबत खडकावर घातले.

आवाज टेंबावर ऐकू आला. यमना धावत खाली पोचली तेव्हा एक खलाशी पोहत किनाऱ्याला लागला होता. तोंडातले खारे पाणी थुंकत त्याने पहिली गोष्ट विचारली ती ही: "खालचा वृंदावन खंय गेला?"

मग तो रडत रडत सांगू लागला. टेंबावरचे वृंदावन आणि किनाऱ्यावरचे वृंदावन एकाखाली एक, सरळ रेषेत आले म्हणजे गलबत वाटेवर आहे. खालचे जरा डावीकडे सरकलेले दिसले की आपण उजव्या खडकाकडे गेलो, उजवीकडे सरकले की डाव्या. पूर्वी त्या जागी एक उंच माड होता, त्याची खूण धरीत. जानूच्या दुसऱ्या लग्नाआधीच्या पावसात माड पडला आणि त्या वर्षी दोन गलबते फुटली. म्हणून जानूने नेमक्या त्या जागी वृंदावन बांधले. नजर एकावर ठेवून भागत नाही, दोन्ही लागतात. आज एकच उरले होते, वरचे. त्याचाच आधार धरून तांडेल आत शिरला होता.

यमनेने समुद्राकडे पाहिले. समुद्रात माणसे होती, मोडक्या डोलकाठीला धरून जानू होता, आणि मागची तीन गलबते वाट न दिसल्यामुळे बाहेरच खोळंबली होती. वारा वाढत होता. ती गलबते आत आल्याखेरीज कोणी वाचणार नव्हते.

किनाऱ्यावर होड्यांना लावण्यासाठी शिंपल्यांचा भाजलेला चुना टोपल्यांत भरून झाकून ठेवला होता. यमनेने एक टोपली उचलली आणि वृंदावनावर ओतली. पावसाने शेण ओले झाले होते. चुना त्याच्यावर टिकेना, राखाडी चिखल होऊन खाली घसरू लागला. तिने दुसरी टोपली उचलली. ती वृंदावनाच्या पुढ्यात उभी राहिली, समुद्राकडे तोंड केले आणि टोपली स्वतःच्या डोक्यावर रिकामी केली. मग तिसरी. अंगावर पावसाचे पाणी होते, त्यात चुना पेटला. बायका ओरडत तिला धुवायला धावल्या. तिने त्यांना हाताने दूर लोटले. केसांपासून पावलांपर्यंत पांढरी होऊन ती तशीच ताठ उभी राहिली आणि डोळे मिटायचे नाहीत असे तिने ठरवले, कारण गलबते येताना तिला बघायची होती.

पहिले गलबत आत आले ते तिला दिसले. दुसरे धुरकट दिसले. तिसरे आले ते तिने फक्त ऐकले. त्या तिसऱ्यात, पाण्यातून उचलून घेतलेला जानू होता.

गलबत गेले पण माणूस एकही गेला नाही, असे आबा सांगतात. लोक यमनेभोवती जमले, कोणी तिला देवी म्हणू लागले. तिने ते चालू दिले नाही. सगळ्या गावासमोर ती म्हणाली, "माका देवी म्हणा नुको. ह्या वृंदावन मियाच काळा केलंय." जानू पुढे आला. त्याने तिचा हात धरला आणि तो तिला टेंब चढवून वर घेऊन गेला. तिची कातडी भरून आली. डोळे मात्र गेले ते गेलेच. ज्या डोळ्यांनी तिने तीन वर्षे नवऱ्याची नजर मोजली त्या डोळ्यांना आता काहीच मोजता येणार नव्हते.

सव्वा महिन्याची मुलगी घेऊन शेवंती परतली तेव्हा भांडण ऐकायला अर्धे गाव टेंबाखाली जमले होते. शेवंती वर गेली, यमनेच्या मांडीवर मूल ठेवले आणि तिच्याशेजारी बसली. मग तिने आपलेही सांगून टाकले. खालच्या अंगणात उभी राहून तीही रोज बघत असे. तिथून तिला जानूची नजर सतत तिच्या डोक्यावरून वर, टेंबाकडे जाताना दिसे. तीन वर्षे तीही मोजत होती आणि तिलाही कमीच सापडत होते.

त्या दिवसापासून गलबते परतायची वेळ झाली की शेवंती टेंब चढून येई. यमना वृंदावनापाशी समुद्राकडे तोंड करून बसलेली असे. शेवंती तिचा हात धरी आणि म्हणे, "बाय, ते आता वर बघतत." यमना ऐकून घेई. पहिली काही वर्षे ती एवढ्यावरच थांबे आणि हात सोडवून घेई. मग एका संध्याकाळी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, तिने विचारले, "आनी खाली?"

शेवंती म्हणाली, "खाली पण बघतत."

पुढे जानू म्हातारा झाला, समुद्र सुटला, एका आश्विनात तो वारला. तरीही दोघी त्याच वेळी तिथे बसत आणि तेच बोलत, म्हणे. समुद्रावर आता तो नाही हे दोघींनाही ठाऊक होते.

आजही कुडवळच्या खाडीत शिरणारी होडी या दोन वृंदावनांची खूण धरूनच शिरते. टेंबावरच्या वाडीतल्या बायका खालच्या वृंदावनाला चुना काढतात आणि किनाऱ्यावरच्या बायका वरच्याला. जावा, नणंदा-भावजया, बहिणी, मैत्रिणी, ज्यांचे एकमेकींवाचून चालत नाही आणि एकमेकींचे बरे झालेलेही बघवत नाही, अशा दोघी मिळून संध्याकाळी वर येतात. पाहुण्यांनाही आबा हे करायला लावतात, मग त्या बायका असोत की दोन भाऊ. एकाने डोळे मिटायचे. दुसऱ्याने त्याचा हात धरून सांगायचे, "वर बघतत." आणि डोळे मिटलेल्याने विचारायचे, "आनी खाली?" तोवर हात सोडायचा नाही.

लोक हसत हसत डोळे मिटतात. तो दोन शब्दांचा प्रश्न विचारायला काही जणांना फार वेळ लागतो. आबा घाई करत नाहीत, काठी टेकून थांबून राहतात.