दोरीच्या मुठी

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. कुलदैवताची शपथ घेऊन सांगतो, कारण मी स्वतः त्या ओसरीवर बसलो होतो.

म्हणजे... बसलो नव्हतो. मी त्या साली जन्माला यायचा होतो. पण ओसरी मी पाहिली आहे. निदान तिचं जोतं तरी. तेव्हा मधे शंका काढू नये.

तर दामोदर विचारत होता,

“म्हणजे हीसुद्धा नाही?”

आप्पा कातारींनी हात पुढं केला. दामोदरनं आणलेली फुलदाणी त्यांनी उन्हाकडे धरली, फिरवून पाहिली.

शिवणीच्या लाकडाची फुलदाणी. भिंत एवढी पातळ, की बाहेर माशी बसली तर आतून तिचे पाय मोजावेत. फुंकर मारली की सूर निघायचा. गावातले जाणते सांगत, तो भूप होता.

आप्पा फुलदाणी घेऊन घरात गेले. कोनाड्यात ठेवली, उचलली. कणगीजवळ ठेवली, उचलली. सगळं घर फिरून बाहेर आले आणि ती दामोदरच्या हातात परत दिली.

“जागा नाही.”

घर दोन खोल्यांचं. सामान इतकं कमी, की चोर शिरला असता तर दया येऊन आपली बॅटरी ठेवून गेला असता.

“जागा नाही म्हणजे काय, आप्पा? अख्खं घर रिकामं आहे!”

“हो ना. तरी नाही.”

आता इथं रिवाज सांगायला हवा. आप्पा लाकूड कातत, म्हणजे चरकावर गरगर फिरवून तासत. घाटाखालच्या त्या सगळ्या मुलखात पाळण्याचे खांब, ताकाच्या रव्या, पलंगाचे पाय, खुळखुळे, जे काही गोल दिसेल ते आप्पांच्या चरकावरून उतरलेलं. त्यांच्याकडे शिकणाऱ्यानं शेवटी आपण कातलेली एक वस्तू आणायची. आप्पांनी ती घरात ठेवून घेतली, की शिष्य सुटला. खुशाल स्वतःचा चरक मांडावा, आणि ‘मी आप्पांचा’ म्हणून चारचौघांत सांगावं. नाही ठेवली, तर उद्या सकाळी पुन्हा हाताखाली.

दामोदर मिसरूड फुटायच्या आत आला होता. आता कानशिलं पांढरी व्हायला लागली होती. त्याच्या मागून आलेले सुटून गेले, त्यांचे चरक फिरू लागले. संध्याकाळी घरी गेला की बायको पाण्याचा तांब्या पुढं करी आणि रोज तेच विचारी, “सुटलात का?”

त्यानं डोकं लढवलं. म्हाताऱ्याच्या घरात नुसती शोभेची अशी एक वस्तू नाही. म्हणजे त्याला उपयोगाचं हवं!

त्यानं लाटणं केलं. ना रंग, ना रेघ. असं सरळ, की सपाट जमिनीवर ठेवलं तर पृथ्वी कुठल्या बाजूला कलली आहे ते कळावं.

“शोभेचा सोस सोडला, आप्पा. ही घ्या कामाची वस्तू.”

आप्पा लाटणं घेऊन आत गेले. आप्पांची बायको, माई, चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर करून लाटण्याकडे पाहिलं.

“दामू, अरे आम्ही भाकरी खातो.”

ती पुढ्यातली भाकरी थापतच होती. दामोदर इतकी वर्षं दुपारी त्याच घरात जेवला होता.

आप्पा बाहेर आले.

“जागा नाही.”

दामोदरचा पारा चढला.

“शोभेची आणली, जागा नाही. कामाची आणली, जागा नाही. मग करू काय मी? एकदा काय ते सांगून टाका. शोभा मोठी का उपयोग?”

“चहा घेतोस?”

“आप्पा, मी काहीतरी विचारलं.”

“मीही.”

...

चहा झाल्यावर आप्पा म्हणाले, “माई उद्या थोरलीकडे जातेय. बाळंतपणाला. दोरी ओढायला कुणी नाही. ओढशील?”

आप्पांचा चरक जुना, विजेच्या आधीचा. लाकूड दोन अणकुचीदार खिळ्यांच्या मधे अडकवायचं आणि त्याला दोरीचे वेढे द्यायचे. एकानं समोर बसून दोरीची दोन टोकं आळीपाळीनं ओढायची, म्हणजे लाकूड पुढं फिरतं, मागं फिरतं. दुसऱ्यानं पुढच्या फेऱ्याला पटाशी टेकवायची, मागच्याला उचलायची. वस्तू होते ती पटाशीवाल्याच्या नावाची. दोरीवाल्याला नाव असतं हेच कुणाला सुचत नाही.

माई लग्न होऊन आली ती थेट दोरीवर येऊन बसली होती.

“ओढीन की,” दामोदर म्हणाला. “त्यात काय.”

त्यात काय, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळलं. तळहात सुजून पपईएवढे झाले.

“सोड!” आप्पा एकदम ओरडले.

“काय सोडू?”

तोवर पटाशी रुतली होती. लाकूड उसळलं, कौलावर आदळलं, आणि परसातली कोंबडी त्या धसक्यानं अंडं द्यायची ती जी थांबली, ती दिवाळीपर्यंत.

“आधी सांगायचं ना, आप्पा!”

“आधी मला कुठं माहीत असतं? तिला असतं.”

“कुणाला?”

“तू जिच्या जागी बसलायस तिला.”

“माई तर इकडं बघतसुद्धा नाही. रस्त्यानं कोण चाललंय ते बघते, नाहीतर गुणगुणत असते.”

“बघत नाहीच. तुझा श्वास अडकला की दोरी सैल सोडते.”

“माझा?”

“माझाही.”

दामोदरच्या हातातली दोरी सुटली.

फुलदाणीचा गळा त्याला आठवला. शेवटची फेरी, दोरीवर माई. पटाशीचं टोक जरा जास्त आत गेलं होतं, त्याच्या छातीत धस्स झालं होतं, आणि नेमकं तेव्हाच लाकूड आपण होऊन थबकलं होतं, अलगद. ती फेरी त्यानं पुढं किती जणांना रंगवून सांगितली! ‘हात सांभाळला मी,’ असं म्हणून सांगितली.

दोरीची टोकं त्याच्या मांडीवर पडली होती. दोन गाठी. काळ्या, घट्ट, दगडासारख्या, धरून धरून चकचकीत झालेल्या. एका गाठीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती.

त्यानं ती चिंधी बोटानं जरा सारखी केली.

सकाळी तो म्हणाला, “आप्पा, आज पटाशी मला द्या. दोन मुठी कातायच्यात.”

“कसल्या?”

“दोरीच्या टोकांना. धरायला.”

आप्पांनी गाठींकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जशी काही ती दोरी कालच कुणी पाहुण्यानं आणून दिली होती.

“आणि दोरी कोण ओढणार?”

ओसरीवर दोघंच होते. कोंबडी रुसलेली.

आप्पा उठले. चरकाला वळसा घालून पलीकडे गेले आणि माईच्या जागी बसले. बसताना गुडघे वाजले. त्या बाजूला ते आयुष्यात प्रथमच बसत होते.

यापुढचं गावात कुणी खरं मानत नाही. केसासारखी रेघ काढणाऱ्या आप्पांना दोरी ओढता येईना. लाकूड मधेच उधळायचं, मधेच अडून बसायचं.

“ओढा की, आप्पा!”

“ओढतोयच की रे!”

“आता सैल! सैल सोडा!”

“कुठलं टोक?”

“दोन्ही! माई कशी...”

“माई माई काय लावलंयस! मी काय माई आहे?”

दोघंही थांबले. आप्पांनी तळहात उघडून पाहिले. लाल झाले होते, एका ठिकाणी साल निघाली होती. हात मिटले आणि पुन्हा दोरी धरली.

दुपारी मुठी तयार झाल्या. एक मुळ्यासारखी, दुसरी गाजरासारखी. दोन्हींना मधे एकेक खळगा, दोरीला हिसका बसला तिथं. दामोदरच्या हातून इतकं वाकडं काम पहिल्या महिन्यातसुद्धा झालं नव्हतं. पण धरून पाहिल्या, तर त्या खळग्यात अंगठा बरोबर बसत होता.

त्यानं लाखेची तांबडी कांडी घेतली. फिरत्या मुठीला टेकवून एकेक वळं काढलं, केवड्याच्या पानानं घासून झिलई दिली.

“हे कशाला?” आप्पांनी विचारलं. “कामाची वस्तू ना?”

“उगाच,” दामोदर म्हणाला.

...

नात झाल्याची बातमी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन माई परत आली. लाडू वाटून झाले, बाळाचं नाक कुणावर गेलं यावर वाद झाला, आणि मग सवयीनं ती दोरीवर जाऊन बसली. टोकांना हात घातला आणि थांबली.

“हे काय?”

“मुठी आहेत, माई. हात सोलवटू नयेत म्हणून.” दामोदर खांबाला टेकून उभा होता.

“कुणी केल्या?”

“मी. दोरी आप्पांनी ओढली.”

“यांनी?” माईनं नवऱ्याकडे पाहिलं आणि अशी हसली, की शेजारीण कुंपणापाशी आली. “तरीच म्हटलं, अशा का झाल्या!”

आप्पा पटाशीला धार लावत होते. ते धार लावतच राहिले.

माईनं दोन्ही मुठी दोरीतून सोडवल्या. पदरानं पुसल्या. घेऊन आत गेली.

दामोदरचा चेहरा उतरला. आत भांडी सरकल्याचा आवाज झाला. त्यानं दारातून वाकून पाहिलं. फळीवरचे पितळेचे डबे माईनं दोन्ही बाजूंना सारले होते आणि मधोमध त्या मुठी उभ्या करून ठेवल्या होत्या, तांबडी वळी पुढं येतील अशा.

बाहेर येऊन ती बसली आणि उघड्या गाठी तिनं हातात घेतल्या.

“अगं माई, त्या तिथं ठेवायच्या नाहीत. वापरायच्या आहेत!”

“वापरतेय की.”

“कुठं वापरतेयस?”

“बघतेय ना.”

खरंच, तिथून दारातून ती फळी नीट दिसत होती.

“पण तुझे हात...”

“दामू, या चरकावरून किती पाळणे गेले रे! कितीकांच्या देव्हाऱ्याचे खांब गेले. दोरीला माझा हात नाही असं एक लाकूड नाही. पण माझ्यासाठी म्हणून इथं...”

वाक्य तिनं तसंच सोडलं.

“त्यांना घामट करू होय मी?” ती म्हणाली.

धार लावायचा आवाज थांबला होता.

दामोदरनं हळूच विचारलं, “आप्पा... मग वस्तू ठेवली म्हणायची का?”

“मला काय विचारतोस? या घरात जागा कुठं आहे, ते मला कधी कळलंय?”

दामोदर रिवाजाप्रमाणं आप्पांच्या पायाशी वाकायला गेला. आप्पा बाजूला सरकले. पलीकडे माई होती. दोरी सोडून तिनं हात मागं घ्यायच्या आत दामोदरनं कपाळ तिच्या तळहातांवर टेकवलं. ते खरखरीत होते, आणि त्यांना डिंकाच्या लाडवांचा वास येत होता. त्याला उठावंसं वाटेना.

“सुटलास हो,” माई म्हणाली. “आता जा आणि बायकोला सांग. माझं नाव सांगून सांग.”

“सांगेन. सगळ्यांना सांगेन.”

“सगळ्यांना नको. आधी तिला.”

तो डोळे पुसून निघणार, तेवढ्यात आप्पा उठले. माळ्यावर हात घालून त्यांनी शिसवीचा एक तुकडा काढला. तसलं लाकूड हल्ली मिळत नाही. पालखीच्या कळसासाठी म्हणून त्यांनी तो कधीचा राखून ठेवला होता. त्यांनी तो चरकात अडकवला.

“ऊठ,” ते माईला म्हणाले. “तू इथं बाजूला बस. दाम्या, दोरीवर ये.”

“मी तर सुटलो ना, आप्पा?”

“म्हणून तर विनवतोय. नाहीतर हुकूम केला असता.”

“काय कातायचंय?”

“वापरायची जोडी.”

आता यातलं रचलेलं कुठलं, ते कबूल करतो. कोंबडीसकट बाकी सगळं खरं आहे. पण या ठिकाणी आप्पांच्या तोंडी मी नेहमी एक मोठं वाक्य घालतो. शोभा, उपयोग, देह, आत्मा, सगळं त्यात येतं. ऐकणारे माना डोलावतात. एका कीर्तनकारबुवांनी तर ते माझ्याकडून मागून नेलं. ते वाक्य सबंध माझं आहे. आप्पा तसलं काहीच बोलले नाहीत. त्यांनी पटाशी लाकडाला टेकवली, उचलली. पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली. बाजूला माई स्वस्थ बसली होती, हात मांडीवर ठेवून. मग आप्पा कुणाकडेच न बघता म्हणाले,

“हळू ओढ रे, दामोदर. आज हात थरथरतोय.”