राजे कुठवर आले

"पण फादर, राजे बाळ येशूला भेटायला नाताळच्या रात्रीच गोठ्यात पोचले, तर मग आजचा सण कशाचा?"

बस्त्यावने हे विचारलं तेव्हा म्हातारे फादर लाझरस त्याच्या उंबऱ्यावर उभे होते. एका हातात पवित्र पाण्याची बाटली, दुसऱ्यात खडूचा तुकडा. नाताळनंतर बाराव्या दिवशी, तीन राजांच्या सणाला, वाडीत घरोघर जायचं, आशीर्वाद द्यायचा, चौकटीवर राजांची आद्याक्षरं लिहायची, हा त्यांचा जुना नेम.

बस्त्याव त्यांचाच शिष्य. प्रार्थना त्यांच्याकडे शिकला, आता तो वाडीतल्या पोरांना शिकवतो. शिकवताना मान जरा ताठच असते.

"सांगतो," फादर म्हणाले. "आधी पाणी दे."

बस्त्यावने स्वतः आत जाऊन तांब्या आणला.

"रेजिना कुठंय?"

"माहेरी."

"सणासुदीला?"

बस्त्यावने आतल्या गोठ्याकडे बोट दाखवलं.

"आमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे, फादर. लाकडाचे तीन राजे आधी तांदळाच्या कणगीवर. रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की थोडे पुढे. खिडकीत, मग कपाटावर. आज गोठ्यात. आजोबांपासून चालत आलंय."

"आणि तिनं?"

"तिनं नाताळलाच सगळे गोठ्यात मांडले. त्यांच्याकडे म्हणे असंच मांडतात. पाहुणे बसले होते. मी राजे उचलले आणि कणगीवर नेऊन ठेवले."

"नुसते ठेवलेस?"

बस्त्याव पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला.

"म्हणालो... तुमच्या घरात देवालासुद्धा वळण नाही."

फादरनी तांब्या खाली ठेवला.

"दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला कडेवर घेतलं आणि गेली. पण राजे मी थांबवले नाहीत, फादर. एकट्याने पुढे नेले. एक संध्याकाळ चुकवली नाही."

एवढं मात्र त्याने सांगितलं नाही, की रोझरीला समोर कुणी नसायचं. नमो मरियाचा आपला अर्धा भाग म्हणायचा, जरा थांबायचं, आणि मग एरवी रेजिना म्हणायची तो दुसरा अर्धाही आपणच म्हणायचा. त्या थांबण्यात घर खायला उठायचं.

"आता लिहा ना दारावर," तो म्हणाला.

फादर आत आले. गोठा सुरेख मांडला होता. तिन्ही राजे ओळीत, गवताची काडीसुद्धा वाकडी नाही. म्हाताऱ्याने तो पाहिला. मग एकेक राजा उचलला आणि झग्याच्या खिशात टाकला.

"फादर! अहो, आज तर ते पोचलेत!"

"कुठं?"

"सासूबाईंचं घर आठवतंय ना?" फादर पायऱ्या उतरत म्हणाले.

"आठवतंय. पण चूक तिची..."

"चल लवकर. खिसा फाटका आहे माझा. एखादा पडला तर तुझ्या आजोबांना काय तोंड दाखवू?"

बस्त्याव मागून धावला. दार ओढून घ्यायचंही राहिलं.

सासूबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. जावयाला पाहून त्यांनी हात थांबवला नाही.

"या! देवाला वळण लावायला आलात?"

बस्त्यावला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात रेजिना येऊन उभी राहिली.

"मी नको ते बोललो," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"पाहुण्यांसमोर बोललात."

"त्यांच्यासमोरच माफी मागेन. तू चल."

रेजिनाने त्याला वरून खाली न्याहाळलं.

"किती वाळलात," ती म्हणाली. "जेवत होतात की नुसते राजेच सरकवत होतात?"

सासूबाई फिसकन हसल्या. बस्त्याव पायरीवरच बसला.

तोवर फादरनी खिशातले राजे काढून चटईवर ठेवले होते. लेक रांगत आली. एका राजाला धरून तिने उचललं आणि थेट तोंडात घातलं.

"अगं, अगं, आजोबांचा..." बस्त्याव झेपावला.

फादरनी त्याचा हात धरला.

"राहू दे. आत्ता पोचले."