अजगराचा उपास आणि अस्वलिणीची कपार

एका जंगलात एक अस्वलीण राहत असे, आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर तिचा राग राहत असे. काटा टोचला की ती काट्यावर गुरगुरे, मधमाशी चावली की सबंध झाडाला शिव्या देई. पण मुलांनो, त्या उन्हाळ्यात तिला रागवायला चांगलं धडधडीत कारण होतं. ते ऐका आणि मग ठरवा, चूक कोणाची.

डोंगराच्या कुशीत तिची एक कपार होती. कपार म्हणजे खडकातली भेग. आतून ऐसपैस, पण तोंडाशी इतकी चिंचोळी की अस्वलिणीला अंग चोरून, आधी एक खांदा घालून आत शिरावं लागे. हेच तर त्या घराचं मोठेपण होतं. वाघानं कितीही धडपड केली तरी त्याचे खांदे त्या तोंडात अडकायचे. अस्वलीण स्वतः याच कपारीत लहानाची मोठी झाली होती आणि आता तिचं पिल्लू तिथं वाढत होतं. पिल्लू अजून अंगावर पीत होतं आणि दिवसभर आईच्या पाठीवरचे केस मुठीत धरून जंगल बघत फिरत होतं.

मग मोह फुलला. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडू लागला, गोड, रसदार, वासानंच जीव वेडा करणारा. अस्वलिणीचं रोजचं खाणं वारुळांतल्या वाळवीचं. सकाळी कपारीपासून डोंगराच्या माथ्यावरच्या धारेपर्यंत जायचं, वाटेतली वारुळं उकरायची, आणि परतताना ओढ्याकाठची उंबरं खायची. ते ती खातच होती. त्यावर आता मोह सुरू झाला. पुढं पुढं तर धारेपर्यंत जाणंही राहिलं. मोहाखालीच बैठक मारायची, फुलं चघळायची, तिथंच डुलकी काढायची. पोट म्हणे पुरे, जीभ म्हणे आण आणखी.

आणि एका संध्याकाळी पिल्लू टुणकन कपारीत गेलं, मागून अस्वलिणीनं खांदा घातला, आणि ती अडकली. पुढं जाता येईना, मागं सरता येईना. आत पिल्लू रडतंय, बाहेर आईचे मागचे पाय माती उकरताहेत. शेवटी हिसका देऊन ती सुटली तेव्हा तिच्या केसांचे झुबके खडकाला चिकटून राहिले होते.

वर झाडावर वानरांची टोळी बसली होती. त्यातली एक म्हातारी वानरीण टाळ्या पिटत म्हणाली, "अगं बाई, आता घराला दार कशाला? बूच मिळालं की!"

"तुझं तोंड बंद कर, नाहीतर झाड उपटीन!" अस्वलीण गरजली. पण झाड उपटून कपार रुंद होणार नव्हती, आणि झाली असती तरी वाघाचीच सोय झाली असती. त्या दिवसापासून पिल्लू आत झोपू लागलं आणि ती तोंडाशी पाठ लावून बाहेर. उन्हाळा चढला की वरचे झरे आटतात आणि वाघ खालच्या डोहावर पाण्याला उतरतो. डोह कपारीपासून हाकेच्या अंतरावर होता. वाघानं बाहेर आईला गाठलं, तर आतलं दूधपितं पिल्लू कोणाच्या जिवावर जगणार? झरे आटायच्या आत तिला बारीक व्हायलाच हवं होतं.

त्या जंगलात अजगराच्या उपासाचा मोठा बोलबाला होता. बेहड्याच्या सावलीत तो वेटोळं घालून पडलेला असे आणि जो येईल त्याला उपदेश करत असे. अस्वलीण त्याच्याकडे गेली.

"अजगरबुवा, मला कपारीत शिरायचंय. काय करू?"

"सोपं आहे. खाणं बंद."

"सगळं?"

"सगळं! माझ्याकडे बघ. एकदा जेवतो, मग आकाशातला चंद्र वाढतो, घटतो, मी तोंड उघडत नाही. भूक हा मनाचा खेळ आहे बाई. निश्चय पाहिजे, निश्चय!"

अस्वलिणीनं निश्चय केला. वारुळं बंद, उंबरं बंद, मोहाकडे तर तिनं पाठच फिरवली. सुरुवातीला पोट उतरलं आणि तिला वाटलं, जिंकले! मग चढावर तिचे पाय लटपटू लागले. डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली. अंगावरचं दूध आटलं. आणि राग? आधी तो नाकाच्या शेंड्यावर होता, आता नखशिखान्त पसरला. पान पडलं तरी ती दात विचकू लागली.

एका दुपारी पिल्लू प्यायला आलं. दूध येईना म्हणून त्यानं जोरात ओढलं, दात लागला, आणि अस्वलिणीनं पंजा उगारून त्याला फटका मारला. पिल्लू घरंगळत जाऊन खडकाला आपटलं. फार लागलं नाही. ते रडलंसुद्धा नाही, नुसतं आईकडे बघत राहिलं. त्यानंतर ते तिच्या पाठीवर चढेनासं झालं. चार पावलं मागं राहून चालायचं आणि आईचा पंजा हलला की मान खाली घालायचं. अस्वलिणीला हे दिसत होतं, आणि त्यामुळं तिचा राग आणखी वाढत होता. आता तो स्वतःवरच होता, पण उपाशी पोटी कोणाचा राग कोणावर निघेल याचा काही नेम नसतो.

उपाशी पोट फार दिवस ऐकून घेत नाही. एकदा वाटेत फळांनी लगडलेलं उंबर दिसलं आणि तिचा तोल गेला. उंबरं झाली, शेजारचं वारूळ झालं, मधाचं पोळं झालं, मोहाची वाळून गेलेली फुलंसुद्धा मातीसकट झाली. तीन-चार दिवस तिचं तोंड थांबलं नाही. मग तिनं कपारीला खांदा लावून पाहिला. पूर्वी निदान खांदा तरी आत जायचा. आता तोही जाईना.

ती तशीच तरातरा अजगराकडे गेली. "बुवा, तुमच्या उपासानं माझं वाटोळं झालं!"

अजगरानं डोळासुद्धा नीट उघडला नाही. "उपासात खोट नाही. तुझा निश्चय कच्चा."

मुलांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. ज्याचं औषध लागू पडत नाही, तो रोग्याच्याच माथी दोष मारतो. अस्वलिणीचं रक्त उकळलं. तिनं पंजा उचलला, आणि तेवढ्यात तिची नजर अजगराच्या पोटाकडे गेली. मध्यभागी हा एवढा फुगवटा! हरणाचं सबंध पाडस त्याच्या पोटात होतं. ते गिळून तो बेहड्याखाली पडला होता आणि जगाला उपास शिकवत होता.

"निश्चय?" अस्वलीण म्हणाली. "अरे, तू सबंध पाडस गिळतोस आणि जिथल्या तिथं लोळत पडतोस. ऊन आलं की तापतोस, सावली आली की थंड होतोस. तुला खायला लागतंच किती? मी दोन डोंगर तुडवते. पाठीवर लेकरू वाहते, त्याला दूध पाजते. तुझ्या पोटाच्या मापानं मी माझं पोट मोजलं आणि माझ्या लेकरावर हात उचलला. थू तुझ्या निश्चयावर!"

अजगर काहीतरी पुटपुटला. ते ऐकायला ती थांबली नाही.

बोलून आली खरी, पण डोक्यात तेच घोळत राहिलं. अजगराचं माप अजगराला, मग माझं माप कुठाय? ओढ्यात पाय सोडून ती विचार करत बसली. मोह फुलायच्या आधी ती अंग चोरून का होईना, कपारीत शिरत होती. तेव्हा खात काय होती? धारेपर्यंतची वारुळं आणि ओढ्याकाठची उंबरं. चालत किती होती? धारेपर्यंत जाऊन येऊन. आधी तेवढंच करून बघू, तिनं ठरवलं. मोह वजा, चालणं पुन्हा सुरू.

रोज संध्याकाळी ती कपारीच्या तोंडाशी खांदा लावून बघे. केस खडकाला घासत, ते जिथवर घासतात ती तिची खूण. बरेच दिवस गेले, दूध पुन्हा येऊ लागलं, तरी खूण तिथल्या तिथंच. ना वाढ, ना घट. पूर्वीची अस्वलीण असती तर तिनं खडकालाच थप्पड मारली असती. ही थप्पड मारता मारता थांबली. खूण हलत नाही, म्हणजे जेवढं खाते तेवढं चालण्यात आणि दुधात खर्च होतं. म्हणजे हेच आपलं माप! आता यातूनच थोडं कमी करायचं.

घाई होतीच, म्हणून आधी तिनं दर दुसरं वारूळ सोडलं. पण तिसऱ्याच दिवशी पाय लटपटले आणि पिल्लावर ओरडायला तिचं तोंड उघडलं. तिनं ते कचकन मिटलं. "नको," ती स्वतःशीच म्हणाली, "हा अजगराच्या उपासाचाच धाकटा भाऊ." मग तिनं दर चौथं वारूळ सोडायचं ठरवलं. तीन खायची, चौथ्याला हात लावायचा नाही. पोट थोडं कुरकुरे, पण पायांत बळ राही आणि दूधही आटलं नाही.

वानरीण वरून चिडवायचीच. "काय गं, अजून बुचाचं बूचच? त्या मानानं गोगलगाय बरी!"

"गोगलगाय तिच्या घरात मावते!" अस्वलीण गुरकावे आणि चौथं वारूळ टाकून पुढं जाई. खडकावरची खूण केसाकेसानं आत सरकत होती. एवढ्या हळू की रोज बघणाऱ्याला चीड यावी. तिलाही यायची. तरी ती रोज बघायची.

इकडे वरचे झरे एकामागून एक आटत होते.

एका दिवशी ऊन कलताना ती धारेवरून परतत होती. पिल्लू नेहमीसारखं चार पावलं मागं. अचानक झाडावरून म्हातारी वानरीण कधी नव्हे अशा आवाजात ओरडली, "खक्! खक्! वाघ! डोहाकडे उतरतोय वाघ!" मागं, वरच्या बाजूला करवंदीच्या जाळीआडून पिवळं अंग हललं. कपार उताराच्या खाली होती आणि पिल्लाच्या इवल्या पायांना तेवढं पळणं झेपणार नव्हतं.

अस्वलीण खाली बसली. "बस पाठीवर!"

पिल्लानं तिच्या पंजाकडे पाहिलं आणि ते जागचं हललं नाही.

अस्वलिणीला ते कळलं. तिनं दोन्ही पंजे मातीत दाबून धरले. "मारणार नाही रे," ती म्हणाली. "माझी चूक झाली. बस, माझ्या राजा."

पिल्लू धावलं, चढलं आणि त्यानं केस मुठीत घट्ट धरले. मग अस्वलीण धावली. उपासाच्या दिवसांत चढ चढताना बसकण मारणारे तेच पाय, पण आता त्यांत दर चारांतल्या तीन वारुळांचं बळ होतं. मागं वाघाची डरकाळी, पुढं कपार. पिल्लू उडी मारून आत गेलं. तिनं खांदा घातला, श्वास सोडला, आणि अंग चोरून जोर केला. खडक पोटाला घासला, कातडं सोललं, क्षणभर ती अडकली, आणि मग भसकन आत पडली. वाघाचा पंजा तोंडातून आत आला, हवेत फिरला, त्याचे खांदे अडकले. तो बराच वेळ बाहेर गुरगुरत राहिला आणि शेवटी तहानेनं डोहाकडे निघून गेला.

आत पिल्लू आईच्या कुशीत शिरलं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "आई, अजून रागावली आहेस?"

"हो," अस्वलीण म्हणाली. "पण तुझ्यावर नाही." आणि तिनं त्याला पाजायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी बघावं तर अजगर बेहड्याखाली सगळ्यांना सांगत होता, "पाहिलंत? अस्वलीण कपारीत शिरली. माझ्याच उपासाचा गुण!" ऐकणाऱ्यांत मान डोलावणारेही होते. गोलमटोल झालेली एक साळू तर लगबगीनं त्याच्याकडेच निघाली होती. वाटेत अस्वलीण आडवी उभी राहिली, पाठीवर पिल्लू.

"कुठं निघालीस?"

"अजगरबुवांना विचारायला, किती खाऊ म्हणून."

"त्याला काय विचारतेस?" अस्वलीण खेकसली, अशी की साळूचे सगळे काटे उभे राहिले. "त्याला त्याचं पोट आहे. तू बस इथं आणि मला सांग, तू स्वतः दिवसभरात काय काय खातेस, आणि चालतेस किती?"

साळू वाटेतच बसली आणि नखं मोजत आठवू लागली. तिला ते ठाऊकच नव्हतं.

तात्पर्य : दुसऱ्याच्या पोटानं आपली भूक मोजू नये. आपल्या अंगाला रोज किती लागतं ते आधी ओळखावं आणि त्यातलं थोडंच कमी करावं. कारण जो उपास पायांतलं बळ आणि मनातली माया खातो, तो वजन उतरवत नाही, माणसातलं माणूसपण उतरवतो.