कड्यावरची तीन निशाणं

फार वर्षांमागे, एका खोल दरीच्या काठावर, एक गाव होतं आणि तिथे सकाळ नेहमी उशिरा व्हायची. सूर्य वेळेवर उगवायचा, त्याचा काही दोष नव्हता. पण दरीतून धुकं वर यायचं आणि दुपारपर्यंत गल्लीबोळांत रेंगाळत राहायचं. त्या धुक्यात धुकेरी राहते, असं गाव म्हणायचं. धुकेरी कुणाला मारत नसे की ओढून नेत नसे. ती फक्त लहान मुलांच्या डोळ्यांवरून आपला ओला तळवा फिरवायची, आणि मग त्या मुलाचं लांबचं जग पुसलं जायचं. तिला पाहिलेलं कुणीच नव्हतं, त्यामुळे तिच्याविषयी सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

धुकेरीने कुणाला हात लावलाय हे ओळखायची गावाची एक रीत होती. दरीपलीकडच्या कड्यावर देवाची तीन तांबडी निशाणं उभी असत. दरवर्षी शाळा उघडण्याच्या दिवशी, दुपारी धुकं विरलं की गुरुजी एकेका मुलाला शाळेच्या ओट्यावर उभं करायचे आणि विचारायचे, "कड्यावर निशाणं किती?"

"तीन," म्हणणाऱ्याच्या हातावर गूळ-खोबरं पडायचं. जो अडखळला, त्याला धुकेरी लागली. त्याने त्या दिवसापासून शाळेच्या मागच्या भिंतीशी, कडुलिंबाच्या डहाळीखाली बसायचं, म्हणजे त्याची बाधा इतरांना व्हायची नाही. ज्याला लांबचं दिसत नाही त्यालाच फळ्यापासून सगळ्यात लांब बसवायचं, ही अक्कल त्या गावाला कुणी शिकवली देव जाणे!

बरं, परीक्षा अशी की उत्तर पाळण्यातल्या बाळालाही पाठ. घरोघरी आया वेणी घालताना बजावायच्या, "तीन म्हणायचं बरं का. काय म्हणायचं?" "तीन!" त्यामुळे दोन-चार वर्षांत एखादंच भाबडं पोर सापडायचं आणि बाकी गाव निर्धास्त राहायचं.

त्या साली मागच्या भिंतीशी एकटी राही बसत होती. सहा वर्षांपूर्वी, एवढीशी असताना, तिने ओट्यावर उभं राहून खरं ते सांगितलं होतं, "मला तिथं काही दिसत नाही." तिला भिंतीशी नेऊन बसवलं ते गुरुजींनीच. माणूस वाईट नव्हता, रीत पाळणारा होता. बायको गेल्यापासून सात वर्षांची येसू हेच त्यांचं जग होतं, आणि येसूने मागच्या वर्षी ठणठणीत आवाजात "तीन" म्हटलं होतं.

शाळा उघडायला एक दिवस उरला होता. उन्हं कलली तेव्हा गुरुजी शाळेतून घरी निघाले आणि वाटेत थबकले. येसू दरीकाठच्या त्यांच्या वावरात एकटीच उभी होती आणि कुणाशी तरी बोलत होती.

"बाबा, थांबा ना. मी येतेय ना!"

तिच्यापुढे, दरीच्या अगदी कडेला, बुजगावणं उभं होतं. गुरुजींचाच जुना कोट, गुरुजींचंच विटकं पागोटं, आणि पागोट्याखाली तोंडाच्या जागी नुसतं मडकं. वाऱ्याने कोटाची बाही हलत होती. येसू तिलाच हात करत पुढे जात होती, आणि बुजगावण्याच्या डाव्या अंगाला जमीन संपत होती.

गुरुजी कसे धावले ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी तिला मागून उचलून पोटाशी धरलं.

"अगं, त्याला तोंड नाही! तुला दिसलं नाही?"

येसू त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसली. "लांबून तुम्हालाही नसतं की, बाबा. कुणालाच नसतं. माणूस जवळ आलं की मग त्याला तोंड येतं."

गुरुजींनी तिला आणखी घट्ट धरलं. गावातली चालतीबोलती माणसं या पोरीला बिनतोंडाची दिसत होती, आणि ती त्यांच्यातून रोज गुणगुणत शाळेत येत होती. तिला वाटत होतं, जग असंच असतं.

"मग तू तीन निशाणं कशी मोजलीस गं?"

"मोजायची असतात?" येसूने विचारलं.

गुरुजींनी तिला कडेवरूनच घरापर्यंत आणलं. उंबऱ्याशी आल्यावर ते हलक्या आवाजात म्हणाले, "उद्याही तीनच म्हण हं, बाळा."

"ठाऊक आहे. राहीताईनं म्हटलं नाही, म्हणून तुम्ही तिला भिंतीशी बसवलं ना?"

तिने टोमणा मारला नव्हता. पण गुरुजींना तो असा लागला की त्या रात्री ते भरल्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच, धुकं दाट असताना, ते कड्यावर गेले. येताना त्यांच्या काखेत एक गाठोडं होतं.

दुपारी गुरुजींनी सगळ्या मुलांना आधीच आत पाढे म्हणायला बसवून दार लोटलं, आणि मग धुकं विरलं. गाव शाळेच्या अंगणात जमलं आणि एकच गलका झाला. पलीकडचा कडा बोडका! एकही निशाण नाही! बायकांनी तोंडावर पदर घेतले. पाटील ओरडले, "गुरुजी, हा काय अपशकुन?"

"आधी परीक्षा होऊ द्या, मग सांगतो," गुरुजी म्हणाले. "तोवर कुणी अवाक्षर काढायचं नाही." आत मुलांचे पाढे मोठमोठ्याने चालूच होते. गुरुजी एकेकाला ओट्यावर बोलावू लागले, आणि ज्याचं झालं त्याला अंगणातच थांबवू लागले.

पहिल्या पोराने कड्याकडे पाहिलं आणि बोट दाखवलं. "गुरुजी, निशाणं पळाली!" माणसं हसली.

दुसरी मुलगी आली. तिने त्या बोडक्या कड्याकडे टक लावून पाहिलं. "तीन."

"नीट बघ, बाळ. दिसतायत?"

"हो की. तांबडी तांबडी."

हसू थांबलं. पुढच्या दोघांनी "नाहीत" म्हटलं. मग पुन्हा एक आला, "तीन." त्याच्यामागून एक, "तीन." तोच सूर, तीच मान, तीच गूळ-खोबऱ्यासाठी पुढे केलेली ओंजळ. पाटलांचा धाकटा छाती काढून म्हणाला, "तीन!" आणि पाटील खाली बसले. दर "तीन"बरोबर अंगणातली एकेक आई पांढरीफटक पडत होती. जणू धुकेरीच भर दुपारी दारात उभी राहून आपली पोरं मोजून दाखवत होती.

मग येसूची पाळी आली. गुरुजींना तिला गाळता आलं असतं. विचारणारे तेच होते. त्यांनी विचारलं.

"तीन," येसू म्हणाली आणि बाबांना बरं वाटावं म्हणून हसली.

सगळ्यात शेवटी गुरुजींनी राहीला बोलावलं. सहा वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती ओट्यावर उभी राहिली, तिने डोळे बारीक केले आणि म्हणाली, "मला काहीच दिसत नाही, गुरुजी. तेव्हाही दिसत नव्हतं."

चाळीस मुलांत तेरा निघाली. त्यांतली खरं बोलणारी एकटी राही.

गुरुजींनी गाठोडं सोडलं आणि तिन्ही निशाणं ओट्यावर ठेवली. "देवाचा अपराध मी केलाय, शिक्षा मला द्या. पण आधी हे सांगा, आता कुणाकुणाला भिंतीशी बसवू? तेरा जणांना ती भिंत पुरायची नाही. आणि त्या तेरांत माझी लेक आहे."

 पाटलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "उपाय सांगा, गुरुजी," ते म्हणाले.

दोन दिवसांच्या वाटेवर बाजारगाव होतं. तिथे काचा घासून भिंगं करणारा एक म्हातारा होता. गुरुजी त्याला घेऊन आले. त्याच्या लाकडी पेटीत खाचाखाचांतून भिंगं लावलेली होती. धुकेरीची हकिकत ऐकून त्याने मान हलवली.

"हिला मी गावोगाव भेटतो. एका गावात हिला सावली म्हणतात, एकात नजर म्हणतात. पण ही पेटी न उघडता परत आलोय असं एकही गाव नाही. पोर वाढतं तसा डोळा वाढतो, एखाद्याचा जरा जास्त वाढतो. त्यात पाप नाही, बाधा नाही. चांगल्या घरी होतं, तुमच्या घरी होतं. आणि पोर कधी सांगायचं नाही, कारण वेगळं दिसतं कसं हे त्याला ठाऊकच नसतं. तुम्हीच विचारायला हवं."

पहिला चष्मा राहीला लागला. ती मागच्या भिंतीशी, आपल्या जागेवरच बसली होती. तिने फळ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिली.

"त्यावर लिहिलेलं असतं होय?" ती म्हणाली. "मला वाटायचं, गुरुजी नुसता फळा पुसतात."

त्या दिवशी गुरुजींनी ती कडुलिंबाची डहाळी स्वतः उतरवली आणि राहीचं बसकर सगळ्यांत पुढे आणून टाकलं. तिची सहा वर्षं काही त्यांना परत आणता आली नाहीत, आणि ही गोष्ट ते पुढे कधी विसरले नाहीत. त्या सालापासून कड्यावर निशाणं किती लावायची हे दरवर्षी गुरुजी एकटेच ठरवू लागले. कधी पाच, कधी एक. गूळ-खोबरं मात्र उत्तर काहीही आलं तरी सगळ्यांना मिळू लागलं.

येसूला चष्मा लागला त्या संध्याकाळी गुरुजी तिला ओट्यावर उभं करून वावरात गेले. बुजगावण्याशेजारी, तसाच कोट घालून, तसेच हात पसरून उभे राहिले. दरीतून धुकं पुन्हा वर येऊ लागलं होतं.

"ओळख बघू!" त्यांनी हाक दिली.

येसूने आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"त्याला तोंड नाही!" ती ओरडली. मग तिचा आवाज एकदम उतरला. "बाबा... तुम्ही रडताय?"

तात्पर्य एवढंच: पोर "दिसतं" म्हणालं, म्हणून त्याला दिसतं असं समजू नका. त्याला आधीपासून पाठ नसेल, असं काहीतरी दाखवून विचारा.