लाइन गेली तर

"तीनपैकी कुठलं घेऊ, भंते?"

विहाराच्या पायरीवर भंते सुमेधानंद चीवराला टाके घालत बसले होते. संघपाल तायडे समोर बसला होता, हातात मोबाइल.

"काय घेतोस?"

"इंटरनेटचं कनेक्शन. घरून धंदा सुरू करतोय, लग्नाचे अल्बम डिझाइन करायचा. पुसदच्या ढोले फोटोग्राफरनी एक अल्बम देऊन बघतो म्हटलंय. जमलं तर सीझनभराचं काम मिळेल. नाही जमलं तर..."

तो थांबला.

"नाही जमलं तर?"

"पुन्हा स्टुडिओत. मालक मला 'ए कॉम्प्युटर' अशी हाक मारतात."

भंते हसले नाहीत.

"सांग, कुठले तीन?"

संघपाल सरसावून बसला. हे त्याला पाठ होतं.

"एक मोठ्या कंपनीचं फायबर. स्पीड जबरदस्त, पण तक्रार करायला फोन केला की नुसतं गाणं वाजतं. दुसरं आपल्या केबलवाल्या शकीलभाईचं. स्पीड बेताचा, पण माणूस शिडी घेऊन घरी येतो. तिसरं सिमवर चालतं, खिडकीत डबी ठेवायची. लोक फक्त डाउनलोड बघतात, भंते. माझं खरं काम अपलोडचं. तयार पानं इथून लवकर गेली पाहिजेत. हे कुणाच्या लक्षातच येत नाही."

"पाली भाषेपेक्षा अवघड आहे," भंते म्हणाले.

संघपालला बरं वाटलं.

"फायबर घे."

"पण ते बंद पडलं तर?"

"मग केबलवाल्याचंही घे."

"रस्ता खोदला की दोन्ही वायरी एकदम तुटतात."

"डबीही घे."

"लाइटच गेली तर डबी कशी चालणार?"

"इन्व्हर्टर घे."

"एवढं सगळं घेतलं, आणि तरी ऐन वेळी..."

भंतेंनी सुई चीवरात खोचली आणि हात पुढे केला. संघपालने मोबाइल दिला.

"याचं इंटरनेट कुठून बंद करतात?"

संघपालने दाखवलं. भंतेंनी बोट टेकवलं आणि मोबाइल परत दिला.

"पडलं बंद. आता?"

"आता... ढोलेंना कळवावं लागेल."

"कळव."

"मेसेज जाणार नाही, भंते. नेट बंद आहे."

भंते पुन्हा टाके घालू लागले.

"फोन करू म्हणता? मी त्यांच्याशी कधी बोललो नाही. धंद्यातले लोक मेसेजवरच बोलतात. त्यांचा फोन आला तर मी उचलत नाही. नंतर अंगठा पाठवतो."

भंतेंनी दाताने दोरा तोडला.

संघपाल उठला, पिंपळाखाली गेला, परत आला. मग त्याने फोन लावला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की पायरीपर्यंत ऐकू येत होता.

"कोन? संघपाल? अरे वा, तुले बोलता येते! मले वाटलं, तुले नुसता अंगठाच आहे."

"ढोलेभाऊ... ते, माझ्याकडे नेट बंद पडलंय. अल्बमला थोडा उशीर..."

"होऊ दे न! लगन होऊन गेलं, आता दोन दिवसांनी काय फरक पडते? पन मले हे सांग, पोरीचं नाव पहिल्या पानावर माहेरचं टाकाचं का सासरचं, हे मी कोनाले सांगू? तू त फोनच नाही उचलत. आज संध्याकाळी दुसऱ्याले काम देनार होतो मी."

संघपालने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"आहे का लायनीवर?"

"आहे, भाऊ. कुठलं टाकायचं?"

"माहेरचं. बाप पैसे देऊन राह्यला." ढोले मोठ्याने हसले. "अन् फोटोची हार्ड डिस्क पुसदहून काळीपिवळी जीपवाल्याजवळ देतो, स्टँडवर जाऊन घेऊन ये. पानं झाली की फोन कर. फोन, समजलं का?"

"समजलं, भाऊ."

फोन बंद झाला. संघपाल पायरीवर बसला. कान लाल झाले होते, पण चेहरा हसरा होता.

"शकीलभाईचंच घेतो, भंते. पुरेल तेवढं."

भंतेंनी मान हलवली.

वंदन करून संघपाल निघाला. फाटकापर्यंत गेला आणि परत आला.

"पण भंते, पानं पाठवायच्याच दिवशी शकीलभाईची लाइन गेली तर?"

भंतेंनी चीवर झटकलं. उजेडात धरून शिवण पाहिली. घडी घातली.

"पुसद काही लांब नाही."