पाण्यातली जागा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण तेव्हा वर्षं मोजायला कुणाला सवड नव्हती. एका राज्याच्या अगदी टोकाला, जिथं जमीन संपते आणि राजाचा हुकूमसुद्धा पोचेपर्यंत शिळा होतो, तिथं समुद्रकाठी एक गाव होतं.

गावात घरं बरीच, पण जाळं एकच. ते इतकं मोठं, की एकट्यादुकट्याचं काम नव्हे. होडी ते जाळं घेऊन आत जाई, अर्धा गोल फिरून परत येई आणि जाळ्याच्या दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर येत. मग सगळं गाव दोन रांगांत उभं राही. बायका, पुरुष, सासवा, सुना, कालच भांडलेले शेजारीसुद्धा. एक रांग दक्षिणेचा दोर ओढी, दुसरी उत्तरेचा. याला ते रापण म्हणत.

रापणीचा कायदा साधा होता. ज्याचा हात दोराला, त्याला माशांचा वाटा. दोरावर प्रत्येक घराची जागा ठरलेली, आणि बापामागून ती लेकरानं घ्यायची. शिवाय एक गोष्ट तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. दोन्ही दोर बरोबरीनं यायला हवेत. एक मागं पडला, की जाळं तिरकं होतं आणि ढिल्या बाजूनं मासे निघून जातात.

दक्षिणेच्या दोरावर सगळ्यांत पुढे, कमरेएवढ्या पाण्यात, एक म्हातारा उभा राहायचा. ती जागा अवघड. लाट अंगावर घ्यायची, पाय रोवायचे, दोराचा पहिला भार सोसायचा आणि मागच्यांना ताल द्यायचा. गावात तिला ‘पाण्यातली जागा’ म्हणत.

एका वादळानंतर याच म्हाताऱ्याला वाळूत एक लहान मुलगी सापडली. दूरदेशीचं जहाज फुटलं होतं आणि त्यातली ती एकटीच वाचली होती. रंगानं काळीभोर, केस बारीक कुरळे, आणि बोलणं कुणालाच न कळणारं. म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं. त्यानं तिला खांद्यावर घेतलं, घरी नेऊन पेज पाजली आणि तिचं नाव ठेवलं पोवळी. पोवळं समुद्रातूनच येतं ना, म्हणून.

गावानं मात्र तिला दुसरंच नाव दिलं, काजळी. “काजळी आली, कपडे सांभाळा,” म्हणून पोरं ओरडत आणि आयाबाया तोंडाला पदर लावून हसत. म्हातारा ऐकायचा आणि म्हणायचा, “तिचा रंग लागत असता, तर माझे केस एव्हाना काळे झाले असते. बघा, पांढरे ते पांढरेच.” मग लोक गप्प बसत. म्हणजे त्याच्यासमोर गप्प बसत.

त्यानं तिला जाळं सांधायला शिकवलं, वारा ओळखायला शिकवलं, लाटेत पाय कसे रोवायचे ते शिकवलं. आणि एक दिवस, पिकलं पान गळावं तसा तो गेला.

पुढच्या रापणीला पोवळी बापाच्या जागेवर जायला निघाली. तिनं दोराला हात घातला तोच तांडेल, म्हणजे त्या जाळ्याचा म्होरक्या, पाण्यात उतरून आला.

“हात काढ,” तो म्हणाला.

“ही बाबांची जागा आहे, तांडेलमामा.”

“होती. तो आमच्या रक्ताचा होता, तू नाहीस. तुझा असला हात दोराला लागला, तर मासा या बाजूला फिरकायचा नाही. जहाजभर माणसं बुडवून आलीस, आता गाव बुडवायचंय?”

रांगेतल्या सगळ्यांनी माना फिरवल्या. म्हाताऱ्याच्या मागच्या जागेवर सारा जन्म काढलेली येसूआजीसुद्धा पायाखालची वाळू बघत राहिली.

पोवळीनं हात काढला. चटका बसल्यासारखा काढला. पोरीचं सगळ्यांत मोठं नुकसान त्याच वेळी झालं, बरं का. जागा गेली, वाटा गेला, ते तर झालंच. पण तांडेलाचं बोलणं तिला खरं वाटलं. घरी येऊन तिनं वाळूनं हात घासले, इतके घासले की रक्त आलं. तेव्हापासून ती हात पदराखाली ठेवून चालू लागली आणि समुद्राला नमस्कार करायचीही थांबली.

ती जागा दुसऱ्या कुणी घेतली नाही. तिचा हात लागलेला, म्हणून सगळे लांब राहिले. आणि त्या दिवसापासून जाळं हलकं येऊ लागलं. कधी टोपलीभर मासे, कधी नुसतं शेवाळ. गावाला कारण शोधावं लागलं नाही. “एकदा हात लागला तर ही गत,” लोक म्हणाले. रापण ओढताना पोवळीनं दार लावून आत बसायचं, तिची नजर पाण्यावर पडता कामा नये, असं ठरलं. ती मुकाट्यानं दार लावून बसायची. फाटलेलं जाळं मात्र तिच्याच कुंपणाशी आणून टाकत, वर मूठभर तांदूळ ठेवत. तिनं सांधलेलं जाळं चालायचं, तिचा हात चालायचा नाही. हे कसं, ते शहाण्यांनी सांगावं.

अशात तांडेलाच्या घरी नवी सून आली. तिचं नाव सारजा. घाटावरची पोर, तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, “एवढं पाणी आहे, मग शेती का करत नाही?” गाव हसून हसून बेजार झालं. तिला मासे साफ करता येईनात, जाळ्याची गाठ मारता येईना. सासू म्हणाली, “हिला कुणीतरी शिकवा, नाहीतर मला उचला.”

सारजानं चौकशी केली, की इथं सगळ्यांत चांगली गाठ कोण मारतं. लोकांनी नाक मुरडून पोवळीचं घर दाखवलं. ती थेट जाऊन ओट्यावर बसली.

“मला शिकव. माझा हात धरून शिकव, सांगून माझ्या डोक्यात शिरत नाही.”

“माझा हात लावून घेऊ नकोस, बाई,” पोवळी मागं सरकली. “तो बरा नाही. काळा आहे.”

“मग? आमच्याकडं काळ्या मातीच्या वावरासाठी सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात. आण इकडं.”

आणि तिनं तो हात पदराखालून ओढून काढलाच. म्हातारा गेल्यापासून पोवळीचा हात कुणी धरला नव्हता. जाळं सांधायची बांबूची सुई तिच्या बोटांतून गळून पडली आणि ती हमसून हमसून रडली. सारजा काही विचारत बसली नाही. ती तशीच हात धरून बसून राहिली.

त्या दिवशी गाठ काही शिकून झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, कारण सारजानं भाकरी आणली होती आणि गप्पाच संपेनात. पण ती रोज येऊ लागली. सासरे ओरडले, सासू ओरडली, तरी आली. हळूहळू पोवळी हसायला लागली. मात्र रापणीची हाक आली, की तिचा चेहरा पडायचा आणि ती दार लावून घ्यायची. सारजाला तेवढं कोडं उलगडत नव्हतं.

पावसाळा जवळ येत चालला, तरी एकाही घरात सुकी मासळी साठली नव्हती. तेव्हा तांडेलानं गाव जमवलं आणि निवाडा दिला. उद्याची रापण रिकामी आली, तर पोवळीला खाडीपल्याड घालवून द्यायचं, तिनं पुन्हा या किनाऱ्यावर पाऊल टाकायचं नाही.

सकाळी सारजा धावत पोवळीकडं आली. दोर ओढून तिच्या तळव्यांना फोड आले होते, म्हणून त्या दिवशी तिला सुट्टी होती. पाहते तर पोवळी बोचकं बांधून बसलेली.

“हे काय?”

“ते बरोबर बोलतात, सारजा. समुद्रालाही मी नको होते. त्यानं मला बाहेर थुंकून टाकलं.”

सारजाला राग आला. तिनं बोचकं उचलून कोपऱ्यात भिरकावलं.

“समुद्रानं जहाज ठेवून घेतलं, सोनंनाणं ठेवून घेतलं, आणि एकट्या तुला खांद्यावर घेऊन वाळूत आणून ठेवलं. नको असलेल्या माणसाला कुणी एवढं जपतं? चल टेकडीवर. मला रापण वरनं बघायची आहे.”

“माझी नजर पडेल.”

“तुझी नजर रोज माझ्यावर पडते. मी तर जाड झालेय.”

पोवळीला हसू आलं आणि हसता हसता ती उंबऱ्याबाहेर पडली. टेकडीवरून खालचा किनारा स्वच्छ दिसत होता. पाण्यावर पक्ष्यांची झुंबड उडाली होती, म्हणजे तारली माशांचा मोठा थवा आत आला होता. जाळं त्याच्याभोवती पडलं होतं. दोन्ही रांगा माना खाली घालून ओढत होत्या. बराच वेळ बघून सारजा म्हणाली, “हा अलीकडचा दोर मागं का राहतोय गं? पलीकडचे ओढतात तसेच हेही ओढतायत की.”

पोवळीनं पाहिलं. दक्षिणेच्या दोरावर सगळ्यांत पुढे कुणीच नव्हतं. पहिला भार घ्यायला माणूस नाही, ताल द्यायला माणूस नाही. दोर मागं पडत होता, जाळं तिरकं होत होतं आणि त्या ढिल्या बाजूनं चांदीसारखे मासे सुळसुळ बाहेर पडत होते.

ती उभीच राहिली. तिचा हात लागून मासे गेले नव्हते. तिचा हात दोराला नव्हता, म्हणून जात होते. इतके महिने जे पाप तिनं स्वतःच्या कातडीत शोधलं, ते तिच्यात कधी नव्हतंच. तिनं आपले दोन्ही हात उन्हात पसरून पाहिले. बाबांनी शिकवलेले हात, सारजानं धरलेले हात. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“चल,” ती म्हणाली, आणि आता तिनं सारजाचा हात धरला.

दोघी टेकडी उतरून सगळ्यांच्या देखत वाळूवर आल्या. तांडेल आडवा आला. “मागं फीर. दोराला हात लावायचा नाही.”

पोवळीला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण ती मागं फिरली नाही.

“दक्षिणेचा दोर मागं पडलाय, मामा. मासे चाललेत. ही जागा बाबा गेल्यापासून रिकामी आहे, आणि ती माझी आहे. मी विचारायला आलेले नाही.”

ती त्याला वळसा घालून पाण्यात शिरली. ओंजळभर पाणी डोळ्यांना लावून तिनं समुद्राला नमस्कार केला आणि दोर धरला. तिच्या पाठोपाठ सारजानं फोड आलेल्या हातांनी धरला. मागच्या काही जणांनी मात्र साप चावल्यासारखा दोर टाकला. दोर सरसर पाण्याकडे घसरू लागला. पोवळीनं पाय रोवले, पण दोघींच्यानं सबंध समुद्र ओढला जात नाही.

तेव्हा येसूआजी बोलली. “दोर सोडू नका, मेल्यांनो. माझ्यापुढची जागा रिकामी आहे आणि सगळा भार माझ्या खांद्यावर येतोय, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. या पोरीला हाकललं तेव्हाही मी तोंड शिवून बसले. आता पुरे झालं. धरा.”

आधी एकानं धरला, मग शेजारच्यानं. पोवळीनं म्हाताऱ्यासारखी खणखणीत हाक दिली, “ओढा गो, ओढा रे!” आणि त्या हाकेवर सगळी रांग एका दमात मागं झुकली. दोर घसरायचा थांबला. मग तो येऊ लागला, उत्तरेच्या दोराच्या बरोबरीनं येऊ लागला. तांडेल एकटाच वाळूवर उभा होता. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि रांगेच्या अगदी शेवटी जाऊन गुपचूप दोराला हात घातला.

जाळं किनाऱ्याला लागलं तेव्हा टोपल्या पुरेनात. लोकांनी हंडे आणले, पातेली आणली, धोतरंसुद्धा पसरली. पोरं माशांत लोळत होती. कितीतरी महिन्यांनी गाव पोटभर हसत होतं.

तांडेल पोवळीसमोर आला. त्याची मान खाली होती.

“चुकलो, पोरी. तुझा हात तर लक्ष्मीचा निघाला. आजपासून प्रत्येक रापणीला पहिला हात तूच लावायचा, तुझ्या हाताची पूजा करून मगच गाव दोर धरेल.”

लोकांनी माना डोलावल्या. सारजाच्या तर आनंदानं डोळ्यांत पाणी आलं. पण पोवळी म्हणाली, “नको, मामा.”



“माझा हात अपशकुनी नव्हता, आणि लक्ष्मीचाही नाही. आज जाळं भरलं म्हणून पूजा कराल, तर उद्या रिकामं आल्यावर पुन्हा हाकलून द्याल. समुद्र आहे, कधी देईल, कधी देणार नाही. मला पाट नको आणि हारही नको. तुमच्या हाताला हात म्हणता, तसंच माझ्या हातालाही म्हणा. मला माझी जागा पुरे.”

तांडेल आणखी पुढं आला. मग त्यानं सगळ्यांच्या देखत तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्या हातांना माशांचा वास येत होता आणि त्याच्याही. “हात,” तो हळूच म्हणाला. पोवळीनं मान हलवली, आपला वाटा टोपलीत भरला आणि सारजाबरोबर घरी गेली.

पुढं जाळं कधी भरून आलं, कधी रिकामं आलं, पण त्यासाठी कुणाचा रंग पाहिला गेला नाही. त्या किनाऱ्यावर कुणीही परका आला, कुठल्याही रंगाचा, कुठल्याही बोलीचा, तरी गाव त्याला आधी पेज वाढी आणि मग विचारी, “बाबा रे, कुठल्या दोरावर उभा राहणार?”

तात्पर्य : माणसाला रंगावरून दूर लोटलं की सगळ्यांचंच जाळं फाटतं, आणि मायेनं धरलेला एक हात ते जाळंही सांधतो आणि मनाची जखमही.