धाकू कासवं राखतो

वायंगवाडीत, अगदी समुद्राला लागून, धाकू नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं काम तो चोख करायचा, आणि गावाची अडचण हीच होती.

तिथल्या वाळूत कासविणी अंडी घालायला यायच्या. त्यांची राखण दाजी कांबळी करायचे. त्यांनी धाकूला हाताशी घेतलं. नीट राखलंस तर वनखात्याचे साहेब तुला कायम ठेवतील, म्हणाले. धाकूच्या आईने लगेच देवीला नारळ बोलून ठेवला.

पहाटे एक कासवीण वाळूवर आली. बिचारी वाट चुकली, असं वाटून धाकूने तिला गोंजारत, ढकलत परत पाण्यात सोडलं.

दाजींनी कपाळाला हात लावला. "अरे मेल्या, ती बाळंतपणाक म्हायेराक इली हा. तिका कोण परत धाडता काय?"

धाकूला पटलं. पुढची कासवीण त्याने पाठीवर घेऊन घरीच आणली. ऊन पाण्याने न्हाऊ घातली, खाटेवर निजवली, पुढ्यात डिंकाचा लाडू ठेवला. तिने आईच्या गोधडीत अंडी घातली. बाळंतीण सुखरूप आहे, हे सांगायला धाकू दाजींकडे धावला.

दाजींनी अंडी वाळूत पुरली, कासवीण समुद्रात सोडली आणि दम भरला. वाळूवर कोणी पडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही. भोवती दोरी बांधायची. कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी जाळ्यात पाय अडकून दाजीच वाळूवर आपटले. धाकूने भोवती दोरी बांधली. उचलायला आलेल्यांना त्याने पिटाळून लावलं. दाजी कण्हायला लागले, तर म्हणाला, बाळंतपण म्हटलं की हे चालायचंच. शेवटी दाजी रांगत दोरीबाहेर आले.

"देवान तोंड दिल्यान ना तुका? आधी विचारूचा!"

मग साहेब आले. सुरमई आणि सोलकढी अंमळ जास्तच झाली, तेव्हा पोट सांभाळत सुरूच्या सावलीत वाळूवर आडवे झाले. दाजी चहा सांगून परतले, तर साहेबांभोवती दोरी, दोरीबाहेर चिडीचूप गाव. दाजींना भरून आलं. पोरगा सुधारला होता.

साहेब जागे झाले. राखण बघून खूश झाले. हा गडी कायम ठेवायचा, म्हणाले.

तेवढ्यात धाकूला आठवलं, विचारायचं राहिलंच. तो अदबीने खाली वाकला.

"सायबानु, अंडी घालून झाली, की अजून येळ आसा?"